साळोखेचा फोटो भिंतीवर

कोल्हापुरात फुटबॉलपटूचा मोठेपणा ठरवायला पूर्वी फारसा त्रास नव्हता. तो मेला की मोठा होत असे. हयातीत त्याचं नाव निघालं की समोरच्या पेठेतला माणूस म्हणायचा, "असू दे की, पण डावा पाय लाकडाचा हाय," आणि विषय तिथं संपायचा. मेल्यावर मात्र तोच माणूस खांदा द्यायला पुढं असायचा आणि तेराव्याच्या पंगतीत त्याच डाव्या पायाच्या आठवणी काढून डोळे पुसायचा.

स्टेडियमच्या मागं कीर्तिदालन होतं. दालनाला एक मानाची भिंत होती आणि भिंतीला एक नियम. फोटो चढला की त्या खेळाडूचे बूट फोटोखालच्या खिळ्याला लागत, आणि त्यानं पुन्हा मैदानात उतरायचं नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळे कोणी मोडत नव्हतं. फार वर्षांपूर्वी एका बचावपटूचा फोटो उत्साहाच्या भरात निवृत्तीआधीच चढवला गेला. त्याच संध्याकाळी त्यानं स्वतःच्या गोलात हेडर मारला, आणि इतका देखणा की तसा त्याला समोरच्या गोलात उभ्या जन्मात जमला नव्हता. तेव्हापासून भिंतीवरचा माणूस खेळत नाही. आणि चढलेला फोटो उतरवणं? ते तर मयतापेक्षा अशुभ.

मग प्रायोजक आले. मेलेला खेळाडू फीत कापायला येत नाही, ही त्यांची तक्रार रास्त होती. त्यामुळे संघटनेनं ठराव केला की दर हंगामात एका खेळत्या खेळाडूलाही कीर्तिदालनात घ्यायचं. नाव आज जाहीर करायचं, फोटो निवृत्तीनंतर चढवायचा. राहिला प्रश्न अर्ध्यावर असलेल्या कारकिर्दीचं माप कसं घ्यायचं याचा. त्यासाठी पिंगळा आणला.

पिंगळा हे यंत्र होतं. बनवणारी कंपनी पुण्याची, त्यामुळे त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. आमच्याकडं पहाटे दारात येऊन भविष्य सांगतो तो पिंगळा, म्हणून हाही पिंगळा. फरक एवढाच की दारातला पिंगळा गोड बोलून जुने कपडे नेतो.

त्याचं काम असं. स्टेडियमच्या छपराला बारा कॅमेरे बसवलेले. हृदय दर ठोक्याला रक्त ढकलतं तेव्हा चेहऱ्याची कातडी किंचित लाल होते. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. म्हणजे खेळाडूची नाडी अंगाला हात न लावता, लांबून मोजता येते. पाऊल जमिनीवर कसं पडतं, कुठला गुडघा उशिरा वळतो, धावल्यावर दम किती वेळानं बसतो, हेही त्याच कॅमेऱ्यांत दिसतं. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदींवरून यंत्र त्या खेळाडूचं एक प्रतिरूप तयार करतं. मग त्या प्रतिरूपाला उरलेली कारकीर्द खेळायला लावतं. एकदा नाही, दहा हजार वेळा. कधी चिखल, कधी ऊन, कधी आंधळा पंच. या दहा हजार आयुष्यांत गोलांचा जो आकडा सर्वांत जास्त वेळा येतो, तो उत्तर म्हणून छापतं. आधीच्या हंगामात त्यानं एका गोलकीपरचा खांदा आणि दोन स्ट्रायकरांची उतरण बरोबर सांगितली होती, तेव्हा लोकांचा त्याच्यावर विश्वास होता. म्हणजे ते आपल्या पेठेच्या बाजूनं बोलत असेपर्यंत.

निवड समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष बंडोपंत सरनोबत, तोफखाना तालमीचे जुने गोलकीपर. फिरोज मुजावर, निवृत्त पंच. आणि मी, विश्राम घोरपडे, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो आणि जन्मापासून पिंपळ तालमीचा आहे. पिंपळ आणि तोफखाना यांचं पिढ्यान्‌पिढ्या पटत नाही. तरी माझ्या मुलीनं, केतकीनं, तोफखान्याच्या कपिल साळोखेशी लग्न केलं. कपिल म्हणजे त्यांचा स्ट्रायकर, वय चोवीस. आमच्या गल्लीत मला सहानुभूतीची पत्रं तेवढी आली नाहीत.

फायनल रविवारी होती. तोफखाना विरुद्ध पिंपळ, हे वेगळं सांगायला नको. शुक्रवारी आमची बैठक बसली. नावं दोन राहिली होती. तोफखान्याचा कपिल आणि आमचा योगेश निकम.

सरनोबतांनी पिंगळ्याचा कागद टेबलावर आपटला.

"हे बघा! योगेशचे आजचे गोल एकसष्ट, शेवटी होणार एकशे सत्तर. आमच्या कपिलचे आज एकशे त्रेचाळीस, आणि शेवटी? एकशे त्रेचाळीस! मशीन पिंपळचं हाय, दुसरं काय?"

"मशीनला पेठ नसते, आबा," मी म्हणालो.

"कॅमेरे कुणाच्या बाजूच्या खांबावर बसवल्यात ते सांगा आधी."

"बारा कॅमेरे आहेत. चारी बाजूंनी."

"मग सात तुमच्या बाजूला असतील. का ओ मुजावर?"

मुजावरांनी चष्मा पुसला. "मी बावीस वर्षं शिट्टी वाजवली. दोन्हीकडनं मार खाल्ला. आता मत-बित देत नाही. तुमच्या दोघांचं जमलं की मी सही करतो."

"मग इथं कशाला आलाय?"

"चहाला."

पुढं तासभर हेच चाललं. मी योगेशच्या बाजूनं आवाज चढवला, सरनोबतांनी पिंगळ्याच्या आईवरून काहीतरी म्हटलं. बाहेर दोन्ही पेठांची पोरं जमली होती, आणि कागद पाच मिनिटांत त्यांच्याही मोबाईलवर पोचला होता. हजारभर लोकांनी तो आकडा वाचला आणि सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली. कोण पुढं आणि कोण मागं.

घसा कोरडा पडला म्हणून मी बोलायचा थांबलो आणि कागद पुन्हा हातात घेतला. त्या क्षणी मला दिसलं. एकशे त्रेचाळीस. आणि एकशे त्रेचाळीस. चोवीस वर्षांचा स्ट्रायकर, ऐन भरात, आणि इथून पुढं एकही गोल नाही. रविवारच्या सामन्यातसुद्धा नाही.

मी चहा अर्धा टाकून उठलो. "पळाला पिंपळ!" सरनोबत मागून म्हणाले.

पुण्याच्या त्या कंपनीत माझी एक जुनी विद्यार्थिनी होती, कौमुदी देशमाने, मूळची इचलकरंजीची. गाडीत बसून तिला फोन लावला.

"सर, करारात आहे, खेळाडूच्या तब्येतीबद्दल मला काही बोलता येत नाही. फक्त गोलांबद्दल बोलता येतं."

"गोलांबद्दलच विचारतोय. साळोखेचे गोल पुढं का नाहीत?"

"खेळत नाही म्हणून, सर."

"का खेळत नाही?"

"ते तब्येतीत येतं."

मी फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. परीक्षेत तिला उत्तर येत असून लिहू की नको असं व्हायचं, तेव्हाही ती अशीच थांबायची.

"सर, तुमचे जावई आहेत ना ते?"

"हो."

"नाडी वेगात असताना त्यांचा मधूनच एक ठोका गळतो आणि मागून दोन एकदम येतात. खूप थकल्यावर जास्त. हृदयाचा स्नायू एका जागी जाड झाला असेल तर असं होतं. बसून काढलेल्या तपासणीत ते दिसेलच असं नाही. पळवून बघावं लागतं." मग घाईघाईनं, "हे मी कंपनीकडून नाही, इचलकरंजीकडून सांगतोय."

"दहा हजारांपैकी किती वेळा?"

"नऊ हजारांहून जास्त वेळा प्रतिरूप रविवारच्या सामन्यापुढं जात नाही."

"आणि उरलेल्या वेळी?"

"एक-दोनदा ते देशाच्या संघात खेळतात, सर."

"हे तुम्ही त्याला कळवलं का नाही?"

"वकिलांना विचारलंय. सोमवारी मीटिंग आहे."

तिथून थेट तोफखान्यात गेलो. माझी गाडी गल्लीत शिरताच कट्ट्यावरच्या कोणीतरी "हेर आला रे!" अशी आरोळी दिली. केतकीनं दार उघडलं.

"बाबा? फायनलच्या आधी? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. कपिल कुठाय?"

कपिल जमिनीवर बसून बुटांना पॉलिश करत होता. मला बघून उठला, पाया पडला. पोरगं तसं गुणी. मी सगळं सांगितलं, कॅमेरे, ठोके, प्रतिरूप. शिकवायची सवय असल्यामुळे जरा नीटच सांगितलं.

त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग हसायला लागला.

"मामा, गेल्या फायनलला आमच्या गोलकीपरला कावीळ झाली म्हणून कुणी उठवलं होतं?"

"ती आमची पोरं. मी नव्हतो."

"त्याच्या आदल्या वर्षी आमच्या कोचची आजी मेली म्हणून फोन आला. ती अजून रोज देवळात जाते. औंदा माझं हृदय! चढत चाललायसा तुम्ही लोक."

"कपिल, मी तुझा सासरा आहे."

"ते घरात. पिंपळ तालमीचे ट्रस्टी हायसा का नाही?"

मी हो म्हणालो. नाही म्हणता आलं नाही. कपिल आत जाऊन संघटनेचा वैद्यकीय दाखला घेऊन आला. हृदयाचा आलेख सरळ, सही-शिक्क्यासकट.

"हा बसून काढलाय," मी म्हणालो. "उद्या सकाळी पळवून तपासू. एका तासाचं काम आहे. मी येतो बरोबर."

"फायनलच्या आदल्या दिवशी पट्ट्यावर पळून पाय भरून घेऊ? सोमवारी जातो की. शब्द देतो."

सोमवार. वकिलांची मीटिंगही सोमवारीच होती. साऱ्या जगाला सोमवारी वेळ होता.

केतकी दारापर्यंत सोडायला आली. तिचा चेहरा उतरला होता, पण माझ्यासाठी नव्हे.

"बाबा, खरं सांगा. तुम्हाला तालमीनं पाठवलंय?"

"तुला तसं वाटतं?"

"वाटतंय म्हणून नाही विचारत. तसं असलं तर बरं, म्हणून विचारतोय."

मी म्हणालो, "त्याला नुसतं बाकावर बसव रविवारी."

"त्याच्या गल्लीला सांगू? माझे बाबा म्हणाले म्हणून बसवा?" ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी मी लग्नाचा अल्बम काढला. सारं जग पडद्यावर गेलं तरी आमच्याकडं लग्नाचा अल्बम छापतातच, आणि तो उचलायला दोन माणसं लागतात. एका मोठ्या फोटोत मधे केतकी होती, डावीकडं कपिल, उजवीकडं मी. तिनं दोघांच्या खांद्यांवर हात टाकले होते. कपिलचा इतका मोठा, इतका हसरा फोटो दुसरा नव्हता. मी कात्री घेतली.

"काय चाललंय?" शालन, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली.

"जावयाचा सत्कार आहे."

"तुमच्या हातनं?" ती म्हणाली आणि कात्रीकडं बघत राहिली.

दुपारी चार वाजता बैठक पुन्हा बसली. मी फ्रेम एका पिशवीतून, हार दुसऱ्या पिशवीतून आणला होता. पिशव्या टेबलाखाली ठेवल्या. बाहेर तोफखान्याचा ढोल वाजत होता.

"घोरपडे सर, आज तरी पळू नका," सरनोबत म्हणाले. "बोला. योगेश का कपिल?"

"कपिल."

सरनोबतांचा चहा बशीतच राहिला. मुजावरांनी चष्मा घातला.

"परत बोला?"

"एकशे त्रेचाळीस गोल चोवीसाव्या वर्षी कुणी केलेत? मशीन गेलं खड्ड्यात. माझं मत कपिल साळोखेला."

सरनोबत उठले आणि त्यांनी मला मिठी मारली. पंचाहत्तरीचा गोलकीपर, दोन्ही हात पसरून. "रक्त शेवटी रक्ताकडं धावलं!" जावयाशी माझं रक्ताचं नातं नाही हे सांगायची वेळ नव्हती. त्यांनी खिडकी उघडून खाली ओरडून सांगितलं. ढोल दुप्पट झाला, जिना धडधडला आणि गुलाल दालनात शिरला. कपिलला कोणीतरी खांद्यावर घेऊन आलं. केतकीही मागून आली होती.

मी पिशवीतून फ्रेम काढून टेबलावर ठेवली, हार शेजारी. एवढंच केलं.

"आणि हे काय! सासऱ्यानं फोटो पण करून आणलाय!" सरनोबतांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणा रे स्टूल!"

नाव आज, फोटो निवृत्तीनंतर, असा ठराव याच खोलीत, याच माणसांनी केला होता. एखाद्याला तरी आठवेल या भीतीनं मी कोणाकडं बघत नव्हतो. स्टूल आलं. सरनोबत स्वतः चढले. दोन पोरांनी त्यांचे गुडघे धरले. खिळा तयारच होता. फोटो चढला, हार पडला, आणि कोणीतरी "बूट! बूट!" ओरडलं. कपिलच्या खांद्याला लटकलेले, आदल्या दिवशी पॉलिश केलेले बूट हातोहात पुढं गेले आणि फोटोखाली लागले.

"साळोखेचा…" "विजय असो!"

घोषणा विरल्यावर मुजावर आपल्या खुर्चीतून, अगदी सौम्यपणे म्हणाले, "आबा, फोटो चढला. बूट लागले. आता उद्या खेळणार कोण?"

ढोल एका काठीनं आणखी दोनदा वाजला आणि थांबला.

सरनोबत स्टुलावरच होते. त्यांनी फोटोकडं पाहिलं, बुटांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हात फ्रेमकडं गेला. "आबा, नको!" खालून तोफखान्याचीच एक म्हातारी किंचाळली. "चढलेला उतरवायचा नसतोय!" हात तिथंच थांबला.

कपिल गर्दीतून माझ्यासमोर आला. गुलालात त्याचे डोळे तेवढे दिसत होते.

"मामा, समोरून मारायचं होतं."

केतकी फोटोकडं बघत होती. कपिलच्या खांद्यावर, फ्रेमच्या कडेला, हिरव्या चुड्यातला एक हात राहून गेला होता.

मुजावरांनी मला मागच्या दारानं बाहेर काढलं. "सर, मी हजार फाउल बघितलेत," ते म्हणाले. "हा कसला होता ते कळलं नाही. पण तुमचं तोंड जिंकल्यासारखं दिसत नाही."

रविवारी पिंपळ एक-शून्यनं जिंकलं, तेही जादा वेळेत. मी मैदान पाहिलंच नाही. समोरच्या स्टँडात कपिल बसला होता, त्याच्याकडं बघत होतो. तो उठायचा, ओरडायचा, बसायचा. प्रत्येक वेळी तो बसला की मी श्वास सोडायचो. शेजारच्याला वाटलं, सर फार मन लावून सामना बघतात.

मग जे झालं त्यात मला आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. आमच्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं. "सर, काय डोकं लावलासा! जावयाला फोटोत घालून बाद केला!" मी खरं कारण सांगितलं. चौघांना सांगितलं, चौघं डोळा मारून म्हणाले, "हां, हां, हृदय!" तोफखान्यात माझा पुतळा जाळायचा तेवढा बाकी राहिला. गाडीची काच गेली. केतकीचा फोन बंद झाला. सोमवारी कपिल तपासणीला गेला नाही. सासऱ्याला दिलेल्या शब्दाला जागायचं कारण आता त्याला नव्हतं.

रात्री मला झोप नव्हती. दहा हजारांतली ती एक-दोन आयुष्यं डोळ्यांपुढं यायची, ज्यात तो निळ्या जर्सीत धावतो. त्यांतलं हे एक असलं तर? खेळलाच नाही म्हटल्यावर पिंगळा खरा का खोटा, हे कधीच कळणार नव्हतं. संख्याशास्त्रात याला उत्तर आहे. ते मी वर्गात तीस वर्षं सांगत आलो, आणि त्याचा काही उपयोग नाही.

महिन्याभरानं कपिल घरी आला. एकटा, हेल्मेट न काढता आत आला, मग काढलं.

"तुम्हाला खोटं पाडायला गेलो होतो," तो म्हणाला. "पळवून तपासणी करून घ्यायची आणि रिपोर्ट चौकात फळ्यावर लावायचा, असं ठरलं होतं गल्लीत."

"मग?"

"डॉक्टरनं मधेच मशीन बंद केलं. मला म्हणाला, खाली झोपा. मी म्हटलं, दमलो नाही अजून. तो म्हणाला, म्हणूनच झोपा." तो खुर्चीत बसला. "गोळ्या चालू केल्यात. छातीत एक यंत्र बसवणार आहेत. चालायचं, जिने चढायचे, कोचिंग करायचं. पळायचं नाही."

शालननं आतून पाणी आणलं, आणि तिथंच उभी राहिली.

"गल्लीत काय सांगितलंस?" मी विचारलं.

"रिपोर्ट हरवला म्हणून सांगितलं." तो पहिल्यांदा हसला. "मामा, गल्लीत मी दगा झालेला वाघ आहे. पोरं माझ्या नावाचे टी-शर्ट घालतात. आजारी म्हटलं की उद्यापासून नारळपाणी घेऊन येतील. तुम्ही आहात तसे हलकट राहा. जमेल ना?"

"सवय होत आलीय," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी पिंपळ तालमीत माझा सत्कार होता. एकही किक न मारता कप आणणारा पहिला माणूस म्हणून माझा फोटो तालमीच्या भिंतीवर लागणार होता. नाही म्हणायला गेलो तर कारण सांगावं लागलं असतं. फोटो पोरांनी घरून परस्पर नेला होता. भाषणं झाली. माझ्या हलकटपणाचे तीन नवे पैलू मला त्या दिवशी कळले. हार घालून घेतला, पडदा बाजूला झाला, टाळ्या पडल्या.

त्या गर्दीत मागं केतकी उभी होती. तोफखान्याची सून पिंपळ तालमीत, म्हणून तिच्याभोवती आपोआप थोडी जागा मोकळी राहिली होती. गर्दी पेढ्यांकडं वळल्यावर ती पुढं आली आणि माझ्या फोटोकडं मान वर करून बघत राहिली. लग्नातलाच फोटो होता, उरलेल्या तुकड्यातला. माझ्या खांद्यावर, फ्रेमच्या कडेला, हिरव्या चुड्यातला हात.

"तिकडं पण माझा हात, इकडं पण माझाच," ती म्हणाली. "आणि मधल्या मला कुठं टाकलासा?"

"फ्रिजवर. आईनं चिकटवलंय."

तिनं ओठ दाबून धरले. खूप दिवसांनी मी तिचा तो चेहरा पाहत होतो, रडू आणि हसू एकाच वेळी अडवायचा.

"घरी चल," मी म्हणालो. "दाखवतो."

"आज नाही. आज सगळे बघतायत. आज मी तुमच्याशी भांडायला आलोय." तिनं इकडंतिकडं पाहिलं, आवाज चढवून "लाज वाटत नाही का बाबा?" असं साऱ्या तालमीला ऐकू जाईल असं ओरडली, आणि वळता वळता हळूच म्हणाली, "उद्या येतो. जेवायलाच."